घरी बनवलेल्या गाडीचं पासिंग होतं का? एमएच-३७ च्या खिडकीवर नेमकं काय अडतं, समजून घ्या

वाशिम : जुन्या मारुतीचं इंजिन, भंगारातून आणलेले पाइप, ऑटोची चाकं आणि ओळखीचा वेल्डिंगवाला. यूट्यूबवर मिनी जीपचे व्हिडीओ पाहिले की रिसोड असो की कारंजा, गॅरेजमध्ये बसलेला कुणीतरी म्हणतोच, 'आपण पण एक बनवू.' हातात कला असेल तर गाडी बनतेही. प्रश्न त्यानंतरचा आहे. तिला नंबर मिळतो का? आरटीओत नेऊन, तपासून, आपल्या नावावर आरसी निघते का?

उत्तर आधीच देऊन टाकतो, म्हणजे लोखंड कापण्याआधी विचार करता येईल. नाही. एका माणसाने घरी बनवलेल्या एका गाडीची नोंदणी होईल, असा रस्ता आजच्या नियमांत नाही. गाडी कितीही मजबूत असो, वेल्डिंग कितीही सफाईदार असो. आणि याला वाशिमच्या कार्यालयातले साहेब कारण नाहीत. पुण्यात, नागपुरात, मुंबईत नेली तरी हेच उत्तर मिळेल.

का नाही, आणि तरीही गाडी रस्त्यावर काढली तर घरादारावर काय येऊ शकतं, ते पाहू.

सांगलीच्या जीपचं काय झालं?

डिसेंबर २०२१ मधला तो व्हिडीओ बहुतेकांना आठवत असेल. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या सुट्या भागांतून छोटी जीप बनवली होती. खर्च साधारण ६० हजार रुपये. गंमत म्हणजे ती दुचाकीसारखी किक मारून सुरू व्हायची. व्हिडीओ आनंद महिंद्रांपर्यंत पोचला आणि त्यांनी ट्विट केलं.

त्या ट्विटमधलं कौतुक सगळ्यांनी शेअर केलं, पण त्यात दुसरीही गोष्ट होती. ही गाडी कुठल्याच नियमात बसत नाही आणि आज ना उद्या प्रशासन ती थांबवणार, हे महिंद्रांनी स्पष्ट लिहिलं होतं. म्हणूनच त्यांनी गाडीच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाला बोलेरो मिळाली आणि घरची जीप महिंद्रांकडे गेली.

देशातल्या एका मोठ्या वाहन कंपनीच्या प्रमुखानेही 'आपण हिचं पासिंग करून घेऊ' असं म्हटलं नाही, हे लक्षात घ्या. त्यांनी गाडीच बदलून दिली. कारण नियम त्यांना पक्के माहीत आहेत.

खिडकीवर कोणते कागद मागतात?

शोरूममधून गाडी घेताना ही कागदपत्रं आपण बघतही नाही, डीलरच सगळं करतो. नोंदणीचा अर्ज म्हणजे फॉर्म २०. त्याला जोडायचा फॉर्म २१, म्हणजे विक्रीचा दाखला, जो डीलर देतो. मग फॉर्म २२, म्हणजे गाडी प्रदूषण आणि सुरक्षेच्या मानकांत बसते आणि रस्त्यावर चालवण्यायोग्य आहे, असं बनवणाऱ्याचं प्रमाणपत्र. सोबत विमा, पत्त्याचा पुरावा आणि कर.

घरच्या गाडीचा फॉर्म २१ कोण देणार? विक्री झालेलीच नाही. तेवढ्यावर एखादं प्रतिज्ञापत्र चालेल असं क्षणभर धरू. खरा अडसर फॉर्म २२ चा आहे. तो उत्पादकाने द्यायचा असतो आणि त्या मॉडेलला सरकारमान्य चाचणी संस्थेची मंजुरी असल्याशिवाय देता येत नाही. मंजूर मॉडेल 'वाहन' या संगणक प्रणालीत आधीच चढवलेलं असतं, नोंदणी करताना कंपनी आणि मॉडेल त्यातून निवडलं जातं. 'स्वतः बनवली' असा पर्याय तिथे नाही.

त्यामुळे मोटार वाहन निरीक्षकाने गाडीभोवती चार चकरा मारल्या, ब्रेक दाबून पाहिले, मनापासून शाबासकीही दिली, तरी त्याच्या हातात मंजुरी देण्याचा अधिकारच नाही. तो गाडी आणि कागद जुळतात का एवढंच पाहतो. गाडीची रचना सुरक्षित आहे का, हे ठरवणारे लोक दुसरीकडे बसतात.

नियम १२६ : सगळं इथे अडतं

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये नियम १२६ आहे. गाडी बनवणाऱ्याने किंवा आयात करणाऱ्याने आपल्या मॉडेलचा नमुना ठरावीक संस्थांकडे चाचणीला द्यायचा, असं तो सांगतो. यातल्या मोठ्या संस्था आपल्याच राज्यात आहेत : पुण्याची एआरएआय (स्थापना १९६६), पुण्याचीच सीआयआरटी आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई. वाशिमहून ट्रॅव्हल्सने रात्रभराचं अंतर. गाडी ट्रकवर टाकून नेता येईल, मग अडचण काय?

अडचण चाचण्यांच्या यादीत आहे. ब्रेक, स्टिअरिंग, चढ चढण्याची क्षमता, आवाज, हॉर्न, दिवे, आरसे, स्पीडोमीटर, सीटबेल्ट जिथे बोल्टने बसतो त्या जागेची ताकद. इथवर एखादा जिद्दी माणूस पोचेलही. पुढे प्रदूषण. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६. म्हणजे जुन्या मारुती ८०० चं इंजिन बसवलं असेल तर विषय तिथेच संपला. ते इंजिन त्याच्या काळाच्या मानकांचं आहे आणि नव्या गाडीला आजची मानकं लागतात. चालकासाठी एअरबॅग, सीटबेल्ट न लावल्यास वाजणारा बझर, ८० आणि १२० च्या वेगाला इशारा, मागे पार्किंग सेन्सर हे सगळं कारमध्ये जुलै २०१९ पासून सक्तीचं आहे. एबीएसही सक्तीचं आहे.

आणि मग क्रॅश टेस्ट. समोरून धडक ताशी ५६ किलोमीटरने, तीही गाडीच्या तोंडाच्या ४० टक्के भागावर. बाजूने धडक ताशी ५० किलोमीटरने. नव्या मॉडेलना हे ऑक्टोबर २०१७ पासून लागू झालं, जुन्यांना दोन वर्षांनी.

आता विचार करा. तुम्ही एकच गाडी बनवली आहे. ती क्रॅश टेस्टला दिली तर पास होवो की नापास, परत येणार तो चुराडा. कंपनी एका मॉडेलच्या काही गाड्या तोडते आणि तशाच लाखो विकते, म्हणून तिला ते परवडतं. एकुलत्या एका गाडीसाठी हे गणित कधीच जुळत नाही. हा नियम घरी गाडी बनवणाऱ्याला अडवायला केलेला नाही. करताना तो डोळ्यांसमोर नव्हताच.

हलकी, छोटी गाडी क्वाड्रिसायकल म्हणून पास होईल का, हाही प्रश्न विचारला जातो. बजाजची क्यूट त्या वर्गातली आहे आणि २०१८ मध्ये या वर्गाला खासगी वापरासाठी मान्यता मिळाली. तिथल्या अटी कारपेक्षा सौम्य आहेत, पण नमुना चाचणी तिथेही चुकत नाही. ई-रिक्षाचंही तेच.

चेसिस नंबरचा मुद्दाही आहे. आज प्रत्येक गाडीवर १७ अक्षर-अंकांचा क्रमांक कोरलेला असतो आणि त्याची सुरुवातीची अक्षरं बनवणाऱ्याची ओळख सांगतात. महिंद्राची एमए१, मारुतीची एमए३. आपल्या नावाची अशी अक्षरं पंच मारून तयार होत नाहीत.

पूर्वी असं नव्हतं

ही कडक चौकट येण्याच्या खूप आधीची एक मराठी गोष्ट आहे, आणि ती आजच्या पिढीला फारशी माहीत नाही याचं वाईट वाटतं. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी स्वातंत्र्यानंतर लगेचच, १९४९ च्या सुमारास, 'मीरा' नावाची छोटी कार स्वतः बनवली. इंजिनिअरिंगची पदवी नव्हती. ती गाडी नंबर प्लेट लावून रस्त्यावर चालली. पुढची सुमारे २५ वर्षं ते एकामागून एक सुधारित नमुने बनवत राहिले. सामान्य माणसाला परवडेल अशी गाडी त्यांना बाजारात आणायची होती. पण तो लायसन्स राजचा काळ होता, कारखान्याची परवानगी काही मिळाली नाही आणि मीरा नमुन्यापुरतीच राहिली.

म्हणजे शंकररावांना गाडी रस्त्यावर आणता आली, विकता आली नाही. आज कारखाना टाकायला लायसन्स राज आडवं येत नाही, पण एकटी गाडी रस्त्यावर आणता येत नाही.

'जुगाड' असलं तरी ते वाहनच

'ही काही कार नाही, घरचा जुगाड आहे, याला कसला आलाय नंबर?' हा युक्तिवाद सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन आला आहे. उत्तरेत पाण्याच्या पंपाचं डिझेल इंजिन लाकडी सांगाड्यावर बसवून माणसं-माल वाहणाऱ्या गाड्यांना जुगाडच म्हणतात. एका अपघाताच्या भरपाईचं प्रकरण राजस्थान एसटी महामंडळाने कोर्टात नेलं होतं. त्यावर मे २०१३ मध्ये कोर्टाने सांगितलं की जुगाड हेसुद्धा कायद्याच्या व्याख्येतलं मोटार वाहन आहे. त्यामुळे नोंदणी, विमा, लायसन्स सगळं लागू.

शेतातल्या शेतात फिरवली तर? इथे बऱ्याच जणांचा गैरसमज आहे. कलम ३९ मध्ये नोंदणीशिवाय वाहन सार्वजनिक ठिकाणी 'किंवा इतर कोणत्याही ठिकाणी' चालवू नये, असे शब्द आहेत. सूट आहे ती फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारातच वापरण्यासाठी बनवलेल्या खास वाहनांना. वावरातून सोयाबीनचं कट्टं आणताना कुणी पकडायला येणार नाही, हा व्यवहार झाला. पण अपघात झाला की वकील व्यवहार बघत नाही, कलम बघतो.

दंड छोटा आहे, मोठा खड्डा पुढे आहे

विनानोंदणी गाडी चालवताना पहिल्यांदा सापडलात तर २ ते ५ हजार रुपये दंड. दुसऱ्यांदा ५ ते १० हजार, किंवा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही. विमा नसल्याचे आणखी २ हजार किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, दुसऱ्यांदा दंड ४ हजार. कलम २०७ खाली गाडी तिथल्या तिथे जप्त करता येते. सोडवायला आरसी लागते. आणि आरसी तर निघतच नाही.

अशी मिनी जीप बनवली की ती पोरांच्या हातात जाते, हे सांगायला नको. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर कलम १९९ए नुसार पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड आहे. गाडीचा आकार खेळण्यासारखा आहे म्हणून यात सवलत नाही.

पण हे सगळे आकडे एकीकडे ठेवा. खरा धोका विम्याचा आहे. मॉडेल मंजूर नाही म्हणून नोंदणी नाही, नोंदणी नाही म्हणून थर्ड पार्टी विमा नाही. समजा, आठवडी बाजाराच्या दिवशी ब्रेक लागला नाही आणि समोरच्या दुचाकीवरचा कमावता माणूस गेला. मोटार अपघात दावा प्राधिकरण त्याचं वय, उत्पन्न आणि मागे राहिलेलं कुटुंब पाहून भरपाई ठरवतं. ती रक्कम सहज लाखांत जाते आणि तिला वरची मर्यादा नाही. विमा असता तर कंपनीने भरली असती. इथे ती मालकाने भरायची. नाही भरली तर कलम १७४ नुसार जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. म्हणजे ६० हजारांच्या हौसेपायी सातबारा पणाला लागतो. आणि ज्या घरातला माणूस गेला, त्या घराला तुमच्याकडे पैसे नसतील तर काहीच मिळत नाही, ही याची दुसरी आणि अधिक वाईट बाजू.

गाडी बनवणाऱ्याच्या स्वतःच्या जिवाचं तर बोलूच नये. ऑगस्ट २०२१ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीत एका हुशार तरुण वेल्डरने घरी हेलिकॉप्टर बनवलं होतं. चाचणी सुरू असताना पातं तुटलं आणि त्यात त्याचा जीव गेला. वय २४. कौशल्य त्याच्याकडे होतं. त्या यंत्रातला कोणता भाग किती ताण सहन करतो, हे सुरू करण्याआधी तपासून सांगणारं त्याच्या आसपास कुणी नव्हतं.

'आरसीचं आम्ही बघतो' म्हणणाऱ्यांपासून सांभाळा

सोशल मीडियावर मॉडिफाइड जीप विकायला असतात. हरियाणातलं मंडी डबवाली गाव तर या धंद्यासाठी प्रसिद्धच आहे. लाख-दोन लाखांत नवीकोरी दिसणारी विलीज जीप, 'कागदांसह'.

हे कागद कुठले, ते विचारा. लष्कराच्या लिलावातली मूळ जीप असेल आणि लष्कराने दिलेला विक्रीचा दाखला असेल, तर तिची नोंदणी होऊ शकते. हा सरळ मार्ग आहे. पण अनेकदा भंगारात गेलेल्या जुन्या जीपची आरसी वापरलेली असते आणि सांगाडा संपूर्ण नवा असतो. जुन्या चेसिसवरचा नंबराचा तुकडा कापून नव्यावर वेल्ड करायचा किंवा तोच नंबर पुन्हा पंच करायचा. याला मॉडिफिकेशन म्हणत नाहीत, ही बनावटगिरी आहे. यात फौजदारी गुन्हा दाखल होतो आणि गाडी ज्याच्या ताब्यात सापडते त्याच्यापासून चौकशी सुरू होते. गाडी कायमची निकामी झाली की मालकाने १४ दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवायचं, असं कलम ५५ सांगतं. त्यामुळे मेलेल्या गाडीची आरसी विकत मिळतेय म्हटल्यावर मागे काहीतरी गडबड असणारच.

बरं, चेसिस मूळ ठेवून वरचं सगळं बदललं तर? तेही नाही. मूळ उत्पादकाने दिलेल्या तपशिलांत फरक पडेल असा बदल करता येत नाही, हे जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने केरळच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं. बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. ट्रक आणि बसच्या नुसत्या चेसिसवर बॉडी बांधली जाते, हे खरं. पण ते मान्यता असलेल्या बॉडी बिल्डरचं काम असतं, त्याचा वेगळा फॉर्म २२ए असतो आणि त्या बॉडीचेही नियम ठरलेले आहेत.

मग बाहेरच्या देशांत हे कसं चालतं?

ब्रिटनमध्ये किट कार ही जुनी परंपरा आहे. गाडीचे सगळे भाग खोक्यात घरी येतात आणि मालक गॅरेजमध्ये जोडतो. १९५७ ची लोटस सेव्हन त्यातली सर्वांत गाजलेली. तयार गाडीवर कर होता, सुट्या भागांवर नव्हता. म्हणून लोकांनी पाने-पक्कड हातात घेतली. कर वाचवण्याच्या बाबतीत माणूस सगळीकडे सारखाच.

तिथे आज अशा गाडीला वैयक्तिक मंजुरीची चाचणी असते. सरकारी केंद्रावर एक गाडी, एक तपासणी. निरीक्षक ब्रेक, धूर, आवाज, सीटबेल्टच्या जागा, स्टिअरिंग बघतो. बाहेर आलेली धारदार कडासुद्धा खपवून घेत नाही. गाडी मोडून बघत नाही. ती व्यावसायिकाने विकायला नाही तर हौशी माणसाने स्वतःसाठी बनवली आहे, याचा पुरावा द्यावा लागतो. पास झाली की नोंदणी. भाग कुठल्या वर्षाचे हे ठरवता येत नसेल, तर नंबर 'क्यू' अक्षराने सुरू होतो, म्हणजे पुढे विकत घेणाऱ्याला प्लेट बघूनच कळतं.

आपल्याकडे एकेका गाडीसाठी सवलत देताच येत नाही, असंही नाही. २०१८ मध्ये केंद्राने वर्षाला २,५०० पर्यंत परदेशी कार इथल्या नमुना चाचणीशिवाय आयात करायची मुभा दिली, परदेशातली प्रमाणपत्रं ग्राह्य धरून. जुलै २०२१ मध्ये ५० वर्षांवरच्या व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आले : २० हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची नोंदणी, नंबरमध्ये 'व्हीए' ही अक्षरं आणि रोजच्या वापराला बंदी. हौसेसाठी मर्यादित परवाना देण्याची पद्धत नियमांत आलेलीच आहे. घरी बनवलेल्या गाडीला ती का नसावी, हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

विमानांच्या बाबतीत तर हे घडूनही गेलं आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बनवलं. २०१६ मध्ये मुंबईच्या मेक इन इंडिया प्रदर्शनात ते ठेवलं होतं. डीजीसीएचे दरवाजे ठोठावण्यात वर्षं गेली, मुख्यमंत्री-पंतप्रधानांपर्यंत जावं लागलं, पण २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली, व्हीटी-एनएमडी. २०१९ मध्ये प्रायोगिक उड्डाणाची परवानगी मिळाली आणि पुढे धुळ्यात चाचण्या झाल्या. घरी बनवलेल्या विमानाला या देशात नंबर मिळाला, घरी बनवलेल्या जीपला मिळत नाही. कारण विमान वाहतुकीच्या नियमांत हौशी बांधणीचा विचार झालेला आहे.

हात शिवशिवत असतील तर काय करता येईल?

जुन्या गाडीचं इलेक्ट्रिक रूपांतर. हा आज सर्वांत सरळ मार्ग. अट एकच, किट मंजूर हवं. म्हणजे एआरएआयसारख्या संस्थेने त्या किटला, तुमच्या गाडीच्या मॉडेलसाठी, प्रमाणपत्र दिलेलं असावं आणि ते अधिकृत केंद्रात बसवून आरसीवर इंधनाचा बदल नोंदवावा. सीएनजी किटचंही असंच. ऑनलाइन मोटर-कंट्रोलर मागवून स्वतः बसवलं तर ते पुन्हा बेकायदा बदलातच मोडतं. दिव्यांग व्यक्तीसाठी स्कूटरला बाजूची चाकं लावायची असतील तर त्यासाठी कायद्यात सोय आहे. मात्र त्याची आरटीओत नोंद करून घ्या, बरेच जण ती करत नाहीत.

इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांसाठी बाहा एसएई इंडिया आहे. २००७ पासून इंदूरजवळच्या पीथमपूरमध्ये ही स्पर्धा सुरू झाली. पोरं वर्षभर राबून एक आसनी ऑफ-रोड गाडी बनवतात. स्पर्धेआधी परीक्षक तिची तपासणी करतात ती आरटीओलाही लाजवेल अशी असते : रोल केजच्या पाइपची जाडी, वेल्डिंगचे नमुने, गाडी झटक्यात बंद करणारं किल स्विच, आणि ब्रेक मारल्यावर चारही चाकं जागीच लॉक झाली पाहिजेत. त्यात नापास झालेली टीम वर्षभराची मेहनत ट्रकवर टाकून घरी येते. पास झालेली गाडीसुद्धा ट्रकवरूनच येते-जाते, कारण ती फक्त ट्रॅकसाठी आहे. वाशिमजवळच्या विद्यार्थ्यांना अमरावती, नागपूरच्या कॉलेजांमधून अशा टीममध्ये जाण्याची संधी असते. घरच्या जुगाडापेक्षा इथे शिकायला कितीतरी जास्त मिळतं.

ज्याला गाडी बनवून विकायचीच आहे, त्याने उत्पादक म्हणून नमुना मंजुरीचीच वाट धरायची. त्यासाठी पहिला फोन आरटीओला नको, थेट चाचणी संस्थेला करा. आपलं वाहन कोणत्या वर्गात बसतं, त्या वर्गाला कोणत्या चाचण्या लागतात आणि त्यांचा खर्च किती, हे डिझाइन कागदावर असतानाच विचारून घ्या. दुचाकी, तीनचाकी आणि शेतीच्या यंत्रांची यादी कारपेक्षा बरीच आटोपशीर आहे. क्रॅश टेस्ट कारला लागते, डवरणीच्या यंत्राला लागत नाही.

आणि गाडी आधीच बनून अंगणात उभी असेल, तर ती फाटकाच्या आतच राहू द्या. प्रदर्शनाला न्यायची असेल तर टेम्पोत चढवून न्या. विकायची वेळ आली तर सुटे भाग करून विका. इंजिन आणि गिअरबॉक्स कुठून घेतले, त्याच्या पावत्या मात्र जपून ठेवा. इंजिनावर नंबर असतो आणि ते चोरीच्या गाडीचं निघालं तर पोलिसांना तुमच्याकडून पहिली हवी असेल ती पावतीच.